जरा इकडे सरक, बाबा!

बोस्टनच्या एका बेसबॉलपटूने १९७५च्या ऑक्टोबरात, ऐन मध्यरात्री, हवेत उडालेल्या चेंडूला हातवारे करून आत बोलावलं. त्या काही सेकंदांचं चित्र अमेरिकेतल्या क्रीडारसिकांना अगदी पाठ आहे. नवल असं, की ज्या स्पर्धेतलं हे चित्र, ती स्पर्धा बोस्टनने गमावली होती!

चित्रातला तरुण उंचापुरा आहे, सहा फुटांच्या वर. हातातली बॅट त्याने केव्हाच टाकून दिलीय. खरं तर त्याने आता खाली मान घालून पहिल्या बेसकडे धूम ठोकायला हवी. पण तो धावत नाही. तिरक्या चालीने उड्या मारत निघालाय, नजर वर आकाशात, आणि दोन्ही हात खांद्याच्याही वर नेऊन उजव्या बाजूला झटकतोय. एकदा, दोनदा, तीनदा... बांध ओलांडू पाहणाऱ्या वासराला हाकून पुन्हा वावरात आणावं, तसा!

कॅरम खेळलेल्या कुणालाही ही अंगाची भाषा समजावून सांगावी लागणार नाही. सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन रेंगाळली, की खेळणाऱ्याचा खांदा आपोआप तिकडे कलतो. स्ट्रायकर हातून सुटलेला असतो, आता वाकून काही उपयोग नाही हे डोक्याला कळत असतं. शरीराला मात्र ते मान्य नसतं. क्रिकेटची मॅच रंगात आली की आपल्याकडे घरातल्या माणसांना जागचं हलू देत नाहीत, तोही त्यातलाच प्रकार. विकेट पडली तेव्हा काका पाणी प्यायला उठले होते ना? मग आता काकांनी मॅच संपेपर्यंत सोफ्यावरच बसायचं!

चित्रातल्या माणसाचं नाव कार्लटन फिस्क. बोस्टन रेड सॉक्स या संघाचा तो कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे बसणारा खेळाडू. तारीख होती २१ ऑक्टोबर १९७५. फिस्क तेव्हा २७ वर्षांचा होता आणि त्याच्या गणवेशावरचा क्रमांकही २७ होता. तो हात कुठे आणि कशासाठी झटकत होता, हे कळायला बेसबॉलचा एक नियम आणि बोस्टनकरांचं एक जुनं दुखणं, दोन्ही ठाऊक असायला हवीत.

दोन रेषांच्या आत

नियम सोपा आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू कुठेही मारू शकतो, अगदी यष्टिरक्षकाच्या डोक्यावरूनही. बेसबॉलमध्ये तशी मुभा नाही. फलंदाज उभा असतो तिथून काटकोनात दोन रेषा निघतात आणि मैदानाच्या कुंपणापर्यंत जातात. मारलेला चेंडू या दोन रेषांच्या आत राहायला हवा. बाहेर गेला की तो फाउल, मग कितीही लांब मारलेला असो. रेषा जिथे कुंपणाला भिडते तिथे दोन्ही बाजूंना एकेक उंच खांब रोवलेला असतो. खांबाच्या आतून चेंडू कुंपणापार गेला की होम रन, बाहेरून गेला की फुकट. आणि खांबालाच आपटला तर? तर तो आत धरतात. या खांबाला म्हणतात मात्र फाउल पोल! ज्याने हे नाव ठेवलं त्याला कुणीतरी जाब विचारायला हवा होता.

बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानात डाव्या बाजूचा हा खांब फलंदाजापासून जेमतेम ३१० फुटांवर आहे. अंतर कमी, म्हणून तिथे कुंपणाऐवजी तब्बल ३७ फूट उंचीची भिंत आहे. १९४७ साली ती हिरवी रंगवली गेली आणि पुढे तिचं नाव पडलं ग्रीन मॉन्स्टर, म्हणजे हिरवा राक्षस. भिंतीच्या पोटात एक अरुंद खोली आहे. धावफलकावरचे आकडे तिथून माणसं हाताने बदलतात. या खोलीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

बेबला विकलं आणि...

आता दुखणं. रेड सॉक्स या नावाचा अर्थ सरळ आहे, लाल मोजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा संघ अमेरिकेतला सर्वांत दबदब्याचा संघ होता. बेसबॉलमधलं सर्वोच्च विजेतेपद म्हणजे वर्ल्ड सिरीज. ती १९०३ साली पहिल्यांदा खेळवली गेली आणि पहिला विजेता बोस्टनच होता. पुढे १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ मध्येही त्यांनीच बाजी मारली. फेनवे पार्कमधला पहिला अधिकृत सामना २० एप्रिल १९१२चा. त्याच आठवड्यात टायटॅनिक बुडाली होती. बोस्टनच्या वाट्याला पुढे जे आलं ते पाहता हा योगायोग तिथल्या लोकांनी हजारदा उगाळला असेल तर नवल नाही.

तेव्हा बोस्टनकडे बेब रूथ नावाचा तरुण खेळाडू होता. संघाचा मालक हॅरी फ्रेझी हा नाटकांचा निर्माता. त्याला पैशांची निकड होती. १९१९च्या अखेरीस त्याने रूथला न्यूयॉर्क यँकीज या संघाला विकून टाकलं. हा सौदा बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत महागडा ठरला, पण विकणाऱ्याला! यँकीजने तोवर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. त्यानंतर २०००पर्यंत त्यांनी ती २६ वेळा जिंकली. रूथ त्यांचा आणि साऱ्या अमेरिकेचा दैवत झाला. बोस्टनची पाटी मात्र १९१८ नंतर कोरीच राहिली. रूथचं लाडकं नाव होतं बँबिनो, म्हणजे बाळ. पुढे लोक या साऱ्याला 'बँबिनोचा शाप' म्हणू लागले.

शापबिप खरा नसतो, हे बोस्टनकरांनाही कळत होतं. हार्वर्ड आणि एमआयटी ज्यांच्या शेजारी, त्या लोकांना कुणी सांगायला नको. पण बोस्टन नुसतं हरत नव्हतं. ते हातातोंडाशी आलेला घास सांडून हरत होतं. १९४६ साली सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात बरोबरी असताना प्रतिस्पर्ध्याचा इनॉस स्लॉटर पहिल्या बेसवरून थेट घरापर्यंत धावत आला. चेंडू बोस्टनच्या जॉनी पेस्कीच्या हातात होता. तो क्षणभर घुटमळला, असं लोकांचं म्हणणं. घुटमळला की नाही यावर वाद झडत राहिले, पण दोष पेस्कीच्या माथी बसला तो बसलाच. १९६७ मध्ये पुन्हा कार्डिनल्स, पुन्हा सातवा सामना, पुन्हा हार.

बोस्टनच्या आसपासच्या न्यू इंग्लंड नावाच्या प्रदेशात संघाची ही निष्ठा वडिलोपार्जित जमिनीसारखी पुढच्या पिढीकडे येते. आजोबांनी नातवाला मैदान दाखवायचं, खेळ शिकवायचा आणि सोबत हे दुखणंही द्यायचं. फिस्क स्वतः याच मातीतला. जन्म व्हरमाँट राज्यातला, वाढला शेजारच्या न्यू हॅम्पशरमधल्या चार्ल्सटाउन या लहानशा गावात. बोस्टनला पराभव का झोंबतो, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९७४ मध्ये त्याचा गुडघा इतका वाईट दुखावला होता, की तो पुन्हा खेळेल की नाही याचीच शंका होती. त्यातून सावरून परतला, तर पुढच्या हंगामाच्या सरावातच हाताचं हाड मोडलं. तरी १९७५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो उभा होता.

तीन दिवसांचा पाऊस

समोर सिनसिनाटी रेड्स. त्या हंगामात १०८ सामने जिंकून आलेला, 'लाल यंत्र' म्हणून ओळखला जाणारा संघ. सातपैकी चार सामने जिंकेल तो विजेता. पाच सामन्यांनंतर सिनसिनाटी ३-२ने पुढे होतं, म्हणजे सहावा सामना बोस्टनने हरला की खेळ खलास. आणि नेमका पाऊस लागला. एक नव्हे, तीन दिवस सामना पुढे ढकलावा लागला. परीक्षा रोज उद्यावर जावी तशी त्या शहराची अवस्था झाली असणार.

अखेर मंगळवारी रात्री ३५,२०५ प्रेक्षकांसमोर खेळ सुरू झाला. पहिल्याच डावात फ्रेड लिनच्या होम रनवर बोस्टनला तीन धावा मिळाल्या. मैदान डोक्यावर घेतलं गेलं. पाचव्या डावात तोच लिन चेंडूमागे धावताना भिंतीवर आदळला आणि खाली कोसळून निपचित पडला. सारं मैदान चिडीचूप. लिन सावरला, पण सिनसिनाटीने ३-३ अशी बरोबरी केली. मग ५-३. आठव्या डावात ६-३. नऊ डावांचा खेळ, त्यातले आठ सरत आलेले. लोक कोट चढवू लागले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

आठव्या डावात बोस्टनचे दोन गडी बाद झालेले, दोन बेसवर माणसं उभी. बदली फलंदाज म्हणून बर्नी कार्बो आला. हा कधीकाळी सिनसिनाटीचाच खेळाडू. एका चेंडूवर तर त्याने इतकी केविलवाणी बॅट फिरवली, की तो आयुष्यात पहिल्यांदा खेळतोय असं वाटावं. पुढचाच चेंडू त्याने मैदानाबाहेर भिरकावला. तीन धावा, ६-६!

नवव्या डावात तर बोस्टनचं नशीब दारात येऊन उभं राहिलं होतं. तिन्ही बेसवर धावपटू, एकही बाद नाही, एक धाव हवी. लिनने चेंडू हवेत मारला, झेल गेला. तिसऱ्या बेसजवळ उभे असलेले प्रशिक्षक डॉन झिमर ओरडले, 'नो, नो!' धावपटू डेनी डॉयलला त्या गलक्यात ऐकू आलं, 'गो, गो!' तो धावला आणि बाद झाला. मराठीत 'नको' आणि 'निघ' यांत एवढा घोळ झाला नसता, पण तो भाग वेगळा!

खेळ जादा डावांत गेला. अकराव्या डावात सिनसिनाटीच्या जो मॉर्गनचा फटका प्रेक्षकांत पडणार असं वाटत असताना बोस्टनच्या ड्वाइट इव्हान्सने मागे धावत तो कसाबसा टिपला. सिनसिनाटीचा पीट रोझ तर फलंदाजीला आला असताना, खेळ चालू असतानाच, कॅचरच्या जागी बसलेल्या फिस्कला म्हणाल्याचं सांगतात, की काय विलक्षण सामना चाललाय हा! हार-जीत विसरून प्रतिस्पर्ध्याशी असं बोलावंसं वाटणं, यापेक्षा त्या रात्रीचं वेगळं वर्णन करायला नको.

बारा चौतीस

बारावा डाव. बोस्टनचा पहिला फलंदाज फिस्क, त्याच्यानंतर लिन. मैदानात उतरण्याआधी फिस्क लिनला म्हणाला होता, मी भिंतीवर मारतो, तू मला घरी आण. समोर सिनसिनाटीचा तरुण पिचर पॅट डार्सी. पहिला चेंडू फिस्कने सोडला. दुसरा खाली, आत येणारा. फिस्कने तो उचलला आणि चेंडू डाव्या रेषेवरून, थेट त्या हिरव्या राक्षसाच्या दिशेने निघाला.

उंची भरपूर होती. अंतर भरपूर होतं. प्रश्न एकच, आत की बाहेर? चेंडू डावीकडे वळत चालला होता, म्हणजे रेषेबाहेर. फिस्कने जे हात झटकले ते तेव्हा. जरा इकडे, आणखी जरा इकडे सरक, बाबा! चेंडू गेला आणि पिवळ्या खांबावर आदळला. घड्याळात १२ वाजून ३४ मिनिटं झाली होती. फिस्क दोन्ही हात उंचावून जागच्या जागी उडाला आणि मग बेस घ्यायला धावला. तोवर लोक मैदानात घुसले होते. त्यांना खांद्याने बाजूला सारत, एकेक बेस पायाखाली येतोय ना याची खात्री करत त्याला फेरी पूर्ण करावी लागली. मैदानावरच्या ऑर्गनवादकाने हॅंडेलचा 'हॅलेलुया कोरस' वाजवायला सुरुवात केली. तिकडे फिस्कच्या गावात मध्यरात्री चर्चची घंटा वाजवली गेली, असं सांगतात. चेंडू खांबाला लागून आत पडला तो सिनसिनाटीच्या जॉर्ज फॉस्टरने उचलून ठेवून दिला. १९९९ साली लिलावात त्याला एक लाख डॉलर्सहून अधिक किंमत आली.

उंदीरमामाची कृपा

एवढं सगळं झालं तरी हे चित्र जगाला दिसलं कसं, ही वेगळीच गोष्ट आहे. त्या काळी टेलिव्हिजनचा कॅमेरा चेंडूमागे जायचा. फलंदाजाने मारलं की कॅमेरा वर, आकाशात. मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय, याच्याशी कुणाला कर्तव्य नसायचं.

एनबीसी वाहिनीने भिंतीतल्या त्या अरुंद खोलीत एक कॅमेरा लावला होता. धावफलकाच्या एका भोकातून तो मैदानाकडे पाहत होता. कॅमेऱ्यामागे होते लू जेरार्ड. फिस्कने मारलं तर चेंडूचा पाठलाग करायचा, अशी त्यांना सूचना होती. पण त्यांनी नंतर सांगितलं ते असं, की त्याच वेळी त्यांच्या जवळ एक भलामोठा उंदीर येऊन बसला होता. कॅमेरा फिरवायला हलावं, तर उंदीर अंगावर येण्याची भीती! जेरार्ड हलले नाहीत. कॅमेरा फिस्कवरच राहिला आणि हातवारे, उड्या, तोंडावरची ती आर्जवं, सगळं टिपलं गेलं. नंतर चित्रफितीवर ते पाहताना वाहिनीच्या लोकांना कळलं, की चेंडूपेक्षा माणूस पाहण्यासारखा होता. पुढे खेळाडूच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून धरणं ही क्रीडाप्रक्षेपणाची रीतच झाली. आपल्याकडे शतक झाल्यावर फलंदाजाचा चेहरा आणि लगोलग प्रेक्षकांत बसलेल्या आईचे डोळे दिसतात, त्या रीतीची एक मुळी फेनवेच्या भिंतीतल्या उंदरापर्यंत पोचते. गजाननाचं वाहन अगदी वेळेवर आलं म्हणायचं!

(कुणी म्हणतं, उंदराची गोष्ट तिखटमीठ लावलेली आहे. असेलही. जेरार्ड तीच सांगत राहिले आणि चित्र तर समोर आहेच.)

मागणाऱ्याचं चित्र

खेळातली गाजलेली चित्रं आठवून पाहा. १९८३ साली लॉर्ड्सच्या सज्जात विश्वचषक हाती घेतलेला, दात दाखवत हसणारा कपिलदेव. त्यात जे हवं होतं ते मिळालेलं आहे. याच्या उलट, चेहरा झाकून मैदानाबाहेर जाणारे पराभूत खेळाडू. त्यात जे होतं ते गेलेलं आहे. फिस्कच्या चित्रात अजून काहीच झालेलं नाही. चेंडू हवेत आहे. तो आत पडेल की बाहेर, हे मारणाऱ्यालाही ठाऊक नाही. बॅट सुटली त्या क्षणी त्याच्या हातातलं सगळं संपलं आणि तो त्या ३५ हजार लोकांसारखाच एक प्रेक्षक झाला. ते जे सत्तावन्न वर्षं करत आले होते, तेच तो करू लागला. ज्यावर आपली काडीची सत्ता नाही, त्याची मनधरणी! बोस्टनकरांना हे चित्र आपलं वाटलं ते यामुळे. एरवी मैदानावरचा वीर वेगळा आणि सज्जातला सामान्य माणूस वेगळा. इथे वीरच सामान्य माणसासारखा आर्जवं करत होता.

आणि त्या एका रात्री चेंडूने ऐकलं.

पण ती फक्त सहाव्या सामन्याची रात्र होती. त्याने बरोबरी झाली, ३-३. सातवा सामना लगेच २२ ऑक्टोबरला झाला. पुन्हा बोस्टनने ३-० अशी आघाडी घेतली. सहाव्या डावात बिल ली या पिचरने एक मुद्दाम संथ, कमानीसारखा चेंडू टाकला. टोनी पेरेझने तो भिंतीपार धाडून दोन धावा काढल्या. नवव्या डावात जो मॉर्गनच्या फटक्यावर सिनसिनाटी ४-३ असं पुढे गेलं. बोस्टनचा शेवटचा फलंदाज होता त्यांचा लाडका, ज्येष्ठ खेळाडू कार्ल यास्ट्रझेम्स्की. त्याने मारलेला चेंडू हवेत उंच गेला आणि सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावला. संपलं.

म्हणजे फिस्कच्या होम रनने हार फक्त एका दिवसाने पुढे ढकलली. हिशेबाने पाहिलं तर एवढंच. तरी बोस्टनच्या लोकांना १९७५ म्हटलं की सातवा सामना आठवत नाही, आठवतात ते हात. सिनसिनाटीवाले कुरकुरतात, की जिंकलो आम्ही आणि फोटो छापता त्यांचा! कुरकुर रास्त आहे, पण तिला इलाज नाही.

यानंतरची वर्षं आणखी वाईट गेली. १९७८ मध्ये यँकीजविरुद्धच्या एकाच निर्णायक सामन्यात बकी डेंट या फारशा मोठ्या फटक्यांसाठी प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूने चेंडू त्याच हिरव्या भिंतीवरून घालवला आणि बोस्टन हरलं. शेवटचा बाद पुन्हा यास्ट्रझेम्स्कीच. २३ हंगाम तो बोस्टनसाठी खेळला, एकही वर्ल्ड सिरीज न जिंकता निवृत्त झाला. फिस्कचंही संघाशी बिनसलं. १९८०च्या अखेरीस त्याच्या कराराचे कागद मुदतीनंतर धाडले गेले आणि तो मोकळा झाला. उरलेली कारकीर्द, थेट १९९३पर्यंत, त्याने शिकागो व्हाइट सॉक्सकडून काढली. घरचा पोरगा टपालाच्या घोळापायी गमावल्याचं बोस्टनला फार लागलं.

१९८६ साली तर कळस झाला. न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध सहाव्या सामन्यात बोस्टन दहाव्या डावात ५-३ने पुढे होतं, मेट्सचे दोन बाद, बेसवर कुणी नाही. मैदानावरच्या फलकावर बोस्टनचं अभिनंदनही क्षणभर झळकून गेलं. आणि मग एकेक करत मेट्स परत आले. शेवटी एक साधा सरपटणारा चेंडू बिल बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला. त्याचंही चित्र आहे आणि तेही साऱ्या अमेरिकेला पाठ आहे. बकनरला त्या चित्राने पुढे जगणं नकोसं केलं. तो बोस्टनमध्ये राहीना. २००८च्या एप्रिलमध्ये फेनवेवर त्याला मानाने बोलावलं गेलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि तो डोळे पुसत होता. एका माणसाला चित्राने अमर केलं, दुसऱ्याला बावीस हंगामांच्या खणखणीत कामगिरीऐवजी एका चुकीने ओळखलं गेलं. यात न्याय शोधायला जाऊ नये.

कबरींवरची वर्तमानपत्रं

२००४ सालचा ऑक्टोबर. बोस्टन यँकीजविरुद्ध ०-३ने मागे. ०-३वरून कुणी सात सामन्यांची मालिका जिंकल्याचं बेसबॉलमध्ये तोवर घडलंच नव्हतं. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात बोस्टन एका धावेने मागे होतं. डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस 'चोरला', थोडक्यात वाचला आणि त्यानंतर बरोबरी झाली. मग फेनवे पार्क, मध्यरात्र उलटून गेलेली, पुन्हा बारावा डाव आणि डेव्हिड ऑर्टिझचा होम रन. ज्यांनी १९७५ पाहिलं होतं, त्यांच्या अंगावर काटा आला नसेल तरच नवल. बोस्टनने चारही सामने जिंकले. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये कार्डिनल्सना, म्हणजे १९४६ आणि १९६७च्या त्याच कार्डिनल्सना, त्यांनी ४-०ने धुतलं. २७ ऑक्टोबरच्या त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण सुटलं आणि ८६ वर्षांचं दुसरंही सुटलं!

त्यानंतरच्या दिवसांत न्यू इंग्लंडमधल्या दफनभूमींत एक निराळं दृश्य दिसू लागलं. माणसं आपल्या वडिलांच्या, आजी-आजोबांच्या कबरींवर संघाच्या टोप्या, झेंडे, विजयाची बातमी छापलेली वर्तमानपत्रं ठेवून जाऊ लागली. १९१८ नंतर जन्मून २००४ पूर्वी गेलेल्यांच्या आयुष्यात हा दिवस आलाच नव्हता. त्यांच्या वाट्याला जे काही आलं होतं, त्यात फिस्कची ती रात्र सर्वांत मोठी होती.

११ एप्रिल २००५ रोजी फेनवेवर विजयाची पताका चढवली गेली. दोरी ओढायला दोन म्हातारे खेळाडू होते, जॉनी पेस्की आणि कार्ल यास्ट्रझेम्स्की. सामना यँकीजशी होता, त्यामुळे तेही समोर बसून पाहत होते. दोन महिन्यांनी, १३ जूनला, १९७५ नंतर प्रथमच सिनसिनाटीचा संघ फेनवेवर खेळायला आला. तो मुहूर्त साधून डाव्या बाजूच्या खांबाला फिस्कचं नाव देण्यात आलं. फिस्क जातीने हजर होता. शिकागोत तो बोस्टनपेक्षा जास्त वर्षं खेळला होता, पण २००० साली सन्मानदालनात निवड झाल्यावर आपल्या फलकावर त्याने टोपी बोस्टनची ठेवली.

उजव्या बाजूच्या खांबाला फार पूर्वीपासून लोक पेस्कीचं नाव लावत होते. २००६ साली तेही अधिकृत झालं. पेस्की २०१२मध्ये वारला. तोवर त्याने २००७चंही विजेतेपद पाहिलं होतं.